काळ्या माळावरचे अनोळखी दिवे

गेल्या वर्षी माझ्या एका अर्जावरून आमच्या घरी सैन्याची गाडी आली. त्या अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण यापुढे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

मी धाराशिवला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. विषय भौतिकशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घर भूम तालुक्यातलं, मेंढपाळांचं. दिवाळी झाली की वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात ते कुठे आहेत हे फोनवर कळतं. म्हणजे ते सांगतील तेवढं कळतं. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता.

मी घरी आले होते पूजाच्या लग्नासाठी. पूजा म्हणजे माझ्या सुमनआत्याची मुलगी, आणि आबा तिचे एकुलते एक सख्खे मामा. नवरीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं तेही मामानंच. आत्याचे यजमान एसटीत कंडक्टर आहेत. आबा त्यांना दाजी म्हणतात, म्हणून घरातलं लहानमोठं प्रत्येक जण दाजीच म्हणतं.

सगळा घोळ दाजींच्या फोनमुळे झाला. आमच्याकडे पहिली पत्रिका तुळजापूरच्या आईपुढे ठेवतात आणि दुसरी घेऊन मामाकडे जातात. नारळ, कुंकू, अक्षता, आणि 'यायचं बरं का' असं तोंडानं म्हणायचं. मामा मेंढरांमागे डोंगरात असला, तर डोंगरात जाऊन म्हणायचं. दाजींनी पहिली पत्रिका तुळजापूरला नेली. दुसरी त्यांनी ड्युटीवर बसल्या बसल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे.' आबांचा फोन बटणांचा. हे आग्रहाचं आमंत्रण फिरत फिरत एका दूधवाल्याच्या फोनवर पोचलं आणि त्यानं ते आबांना वाटेत वाचून दाखवलं.

आबांनी लगेच आत्याला फोन लावला. "सुमे, म्या लई लांब हाय. सीनेच्या काठाला, करमाळ्याच्या पल्याड. मेंढरं टाकून कसा येऊ? हॅलो? हॅलो? तुजा आवाज येईना." आणि फोन ठेवला. (आत्या म्हणते, आवाज न यायला ती काही बोललीच नव्हती.)

यावर पूजानं जाहीर केलं, "सख्खा मामा असताना चुलत मामा मागं उभा राहनार? मग मीबी उभी राहत न्हाय." आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. लग्न रविवारी. आत्या रडत होती, दाजी रजेवर असूनही खाकी घालून हिंडत होते, आणि आई या विषयावर अवाक्षर काढत नव्हती. आईचा स्वभाव बघता हे विचित्र होतं. पण मला त्या आठवड्यात दुसरंच काहीतरी विचित्र सापडलं होतं.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे लग्नाच्या बरोबर आधीच्या रविवारी, मी धाब्यावरचे, म्हणजे घराच्या मातीच्या छतावरचे, वाळलेले कपडे काढायला गेले. आमच्या घरासमोर, ओढ्याच्या पलीकडे, काळा माळ आहे. दिवस मावळून गेला होता, आणि त्या माळाच्या उतारावर निळसर पांढरे दिवे लुकलुकत होते. एक, दोन, मग पुष्कळ. आणि ते हलत होते.

मी खाली पळत आले. "आई, माळावर दिवे चालायलेत."

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "चांदण्या असतील."

"चांदण्या डोंगराच्या अलीकडं कशा असतील?"

"मग काजवं."

"उन्हाळ्याच्या तोंडाला?"

"मग तुजं डोळं तपासून घे. हास्टेलात काय खाती कुनाला ठाव." असं म्हणून तिनं भाकरी अशी आपटली की विषय संपला. त्या वेळी घरात आम्ही दोघीच होतो आणि भाकऱ्यांची चवड मात्र हातभर होती. विचारलं तर म्हणाली, "लग्नाचं पाव्हनं येतेत." पाहुणे शनिवारी यायचे होते. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी निरीक्षणात होते.

त्या दिवसांत आमच्या भागात ड्रोनच्या वावड्या उठल्या होत्या. कुणी म्हणे चोर टेहळणी करतात, कुणी म्हणे शेजारच्या देशाचं काम आहे. लोक गच्चीवर बसून आभाळाकडे बघत आणि कुठलंही विमान गेलं की सरपंचाला फोन करत. मी मात्र शास्त्र शिकलेली. मला अफवा नको होती, मोजमाप हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी हात लांब करून, एक डोळा मिटून, मुठीनं कोन मोजला. (शेजारच्या काकूंनी आईला येऊन विचारलं की पोरगी माळाला मूठ का दाखवायलीय.) तिसऱ्या दिवशी माझा निष्कर्ष तयार होता.

आमच्या कॉलेजात एनसीसीचे एक सर आहेत. मी त्यांना फोनवरून दोन पानी अर्ज पाठवला. हे ड्रोन नाहीत, असं मी ठामपणे लिहिलं, कारण ड्रोन घोंघावतो. विमान नाही, कारण विमान थांबत नाही. 'सदर दिव्यांपैकी एक दिवा पुढे चालतो व बाकीचे त्याच्या मागे जातात. पुढचा थांबला की सर्व थांबतात. यावरून त्यांच्यात काही एक सामुदायिक बुद्धी असावी, असे माझे नम्र मत आहे.' सरांनी तो अर्ज वाचला आणि पुढे पाठवला. (पुढे म्हणजे नेमका कुठे, हे त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही.)

गुरुवारी दुपारी हिरवी गाडी आमच्या दारात उभी राहिली.

गाडीतून एक तरुण मेजरसाहेब उतरले, उत्तरेकडचे, फार नम्र. त्यांच्याबरोबर कोल्हापूरकडचे एक हवालदार आणि एक ड्रायव्हर. नेमके त्याच वेळी दाजीही आले होते, "वयनी, एकडाव तुमी तरी समजवा की त्यांला," असं आबांबद्दल आईला विनवायला. गाडी बघून दाजी सावधानमध्ये उभे राहिले. खाकी अंगावर असल्यामुळे हवालदारांनी त्यांना सलाम केला, आणि त्या क्षणापासून दाजींनी चौकशीची सूत्रं हातात घेतली.

अंगणात बाज टाकली. मेजरसाहेब हिंदीत विचारायचे, हवालदार मराठीत सांगायचे, आणि दाजी तेच पुन्हा मोठ्यानं म्हणायचे.

"साहेब विचारतात, वेग किती?"

"वेग किती?" दाजी.

"माणूस सावकाश चालेल तेवढा," मी म्हणाले. "पण मध्येमध्ये थांबतात. एखादा बाजूला गेला की थोड्या वेळानं पळत परत येतो."

मेजरसाहेबांनी मान डोलावली. "आवाज़?"

"दिव्यांना आवाज नाही, सर. त्या बाजूची कुत्री भुंकतात. त्यांना ते दिवे सहन होत नसावेत."

"और कुछ?"

इथे मी जरा अडखळले, पण खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "सर, वारा तिकडून आला की एक वास येतो. मला तो लहानपणापासून ओळखीचा वाटला. पण भावना मध्ये आणायची नाही म्हणून मी त्याची नोंद केली नाही."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मग आमच्या अंगणातल्या मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडे बघितलं. मग त्यांनी भाषांतर केलं, पण मला वाटतं थोडं कमी केलं.

आई इतका वेळ दारात उभी होती. ती एकदम पुढे आली. "साहेब, पोरगी अशक्त झालीया. तिच्या डोळ्यापुढं काजवं येतेत. तुमी च्या घ्या अन् जावा."

"मौके पे जाना पड़ेगा, माताजी."

"माळावर साप हायेत."

"कोई बात नहीं."

"वाघ बी हाय."

"वयनी, कवा आला वाघ?" दाजींनी विचारलं.

"कालच," आई म्हणाली, आणि कुणीच परत फिरत नाही हे दिसल्यावर पदर खोचून म्हणाली, "मग मीबी येती."

गाडीत बसायची व्यवस्था दाजींनी लावली. "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय." मेजरसाहेबसुद्धा पुढे सरकले. सगळे बसल्यावर दाजींनी सवयीनं पत्र्यावर दोनदा टकटक केलं, आणि सैन्याचा ड्रायव्हर निमूट निघाला.

ओढा ओलांडून माळाच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. दिवस नुकताच बुडाला होता. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की आज दिवे दिसू देत. एवढे मोठे लोक आले आणि काहीच दिसलं नाही तर कॉलेजात काय तोंड दाखवू? आई माझ्या शेजारी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. आता कळतं, ती अगदी उलटं मागत होती. देवानं माझं ऐकलं.

उतारावर पहिला दिवा लागला. मग दुसरा. मग सगळा उतार लुकलुकायला लागला. "बघा सर," मी अभिमानानं म्हणाले.

मेजरसाहेबांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग ती हवालदारांकडे दिली. हवालदारांनी बघितलं, खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं, आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली. "बघा ताई. तुमचीच हायती."

दुर्बिणीत आधी एक दिवा दिसला. दिव्याच्या वर शिंगं होती. शिंगांच्या खाली आमचा एडका होता, कळपाचा पुढारी, ज्याला मी लहानपणी बाटलीनं दूध पाजलं होतं. त्याच्या गळ्यात, बाजारात मिळणाऱ्या सोलरच्या माळेतला एक दिवा बांधलेला. त्याच्या मागे सामुदायिक बुद्धी चरत होती. आणि सगळ्यांच्या मागे, एका दगडावर, सीनेच्या काठाला करमाळ्याच्या पल्याड असलेले आमचे आबा भाकरी खात बसले होते. डबासुद्धा आमच्याच घरचा.

"काय दिसायलंय?" दाजींनी माझ्या हातातून दुर्बीण ओढून घेतली. त्यांनी बघितलं. दुर्बीण खाली घेतली, काच शर्टाला पुसली, पुन्हा बघितलं. "हे तर आमचं मेव्हणं."

आईनं डोक्यावरून पदर पुढे ओढला. "बिरोबाची आन घातली वती त्यांनी," ती माझ्या कानात म्हणाली. "म्हनले, दाजी सोता हुडकत येईस्तोवर कुनाला सांगायचं न्हाय. हितनं जाताना मागंच राह्यलेत, रुसून. चुलत्यांचा कळप कवाच पुढं गेला."

"आणि मला?"

"तुला कशापायी सांगायचं? तू धाब्यावरनं रोजच बघायलीस. म्हनलं, वळखलं असंल."

आम्ही उतार चढू लागलो तोवर कुत्र्यांनी आम्हाला हेरलं होतं. आबा उठले, हात कपाळाशी धरून बघू लागले. पुढे दाजी खाकीत, मागे दोन वर्दीवाले, त्यांच्या मागे बायको आणि मुलगी. आबांच्या जागी मी असते तर पळाले असते. आबांनी काठी खांद्यावर टाकली, पागोटं सारखं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दाजी, निस्त्या दोन अक्षता टाकल्या असत्या तर आलो असतो की. मिल्ट्री कशापायी आनली?"

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मला वाटलं, आता दाजी खरं सांगणार. ही तुमच्या मुलीची करामत, आम्ही तर परग्रहावरचं काहीतरी बघायला आलो होतो. तसं झालं असतं तर आबा आणखी सहा महिने रुसले असते आणि पूजा भिंतीकडे तोंड करून तशीच राहिली असती. पण दाजींनी आयुष्यभर गर्दीच्या गाडीत भांडणं मिटवलेली आहेत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हिरव्या गाडीकडे, आणि घसा साफ केला.

"मामाचा मान म्हनल्यावर," ते म्हणाले, "आनावी लागती."

आबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तालुक्यात आजवर कुठल्या मामाला न्यायला घोडा आला असेल, फार तर जीप आली असेल.

"ये क्या हो रहा है?" मेजरसाहेबांनी हळूच विचारलं.

"साब, ये दुल्हन का मामा है," हवालदार म्हणाले. "रूठा हुआ है. शादी इतवार को है."

मेजरसाहेबांनी थोडा विचार केला. "मामा के बिना कैसे होगी शादी? हमारे यहाँ भी नहीं होती." आणि त्यांनी दाजींपुढे हात केला. दाजींनी खांद्यावरच्या चामड्याच्या पिशवीतून पत्रिका काढली. अक्षता मात्र नव्हत्या. दाजी खिसे चाचपू लागले तेव्हा आईनं पदराची गाठ सोडली. आत हळदीचे तांदूळ होते. कधीपासून बांधून हिंडत होती, देव जाणे.

मेजरसाहेबांनी दोन्ही हातांनी पत्रिका दिली, अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "आना पड़ेगा, मामाजी."

"आता सायबाचा शबुद कसा मोडायचा?" आबा म्हणाले. मग दाजींकडे वळून, हलक्या आवाजात, "पूजी लई रडली का?"

"लई," दाजी म्हणाले, आणि तेच डोळे पुसायला लागले.

चौकशी मात्र पूर्ण करावी लागली. दिवे का बांधले, असं विचारल्यावर आबांनी सांगितलं, "लांडगं लुकलुक बगून बुजतंय." एक दिवा पुरावा म्हणून काढून घ्यायचं ठरलं, तेव्हा आबा म्हणाले, "दिवा न्या, पर एडका ठिवा." मेजरसाहेबांनी शेवटी मला बाजूला घेतलं.

"बेटा, क्या पढ़ती हो?"

"फ़िज़िक्स, सर."

"और घर में भेड़ें कब से हैं?"

"पीढ़ियों से, सर."

त्यांनी ते लिहून घेतलं. का लिहून घेतलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या अहवालात अज्ञात दिव्यांचा उगम म्हणून 'तक्रारदाराचे वडील' असं नोंदवल्याचं हवालदारांनी जाताना सांगितलं.

राहिला प्रश्न रविवारचा. आबा लग्नाला गेले तर मेंढरांपाशी कोण? या प्रश्नावर माळावर फार वेळ चर्चा झाली नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं, आईनं बघितलं, दाजींनीही बघितलं. "हिनं हुडकलीत," आबा म्हणाले, "हीच राखंल. चार रोज बसली म्हंजे मेंढरू कसं दिसतंय ते ध्यानात ऱ्हाईल."

म्हणून पूजाचं लग्न मी फोनवर ऐकलं. आबा नव्या पागोट्यात तिच्या मागे उभे होते, आणि भेटेल त्याला सांगत होते की मामाला न्यायला दिल्लीहून माणसं आली. अंतरपाट धरला तेव्हा आत्या रडली, पूजा रडली, आणि आई म्हणते, आबाही रडले, पण ते डोळ्यांत धूर गेला म्हणतात. मी माळावर काठी घेऊन एडक्याच्या मागे पळत होते, कारण त्याला माझं नेतृत्व मान्य नव्हतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर तर दोन मेंढरं ओढ्यात उतरली, आणि त्यांना वर काढताना माझी चप्पल गेली, ओढणी बाभळीला अडकली, आणि मी बराच वेळ हातवारे करत त्यांना मराठीत आणि थोडं इंग्रजीत समजावत होते.

पुढच्या बुधवारी एनसीसीच्या सरांचा मेसेज आला. माळाच्या पलीकडच्या गावातून, एका गुरुजींकडून, आणखी एक अर्ज आला होता. त्यांनाही रविवारी संध्याकाळी दिवे दिसले होते. 'मात्र या वेळी दिव्यांबरोबर एक दोन पायांचा जीव होता,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'तो एकटाच मोठमोठ्याने बोलत होता. दिवे त्याचे अजिबात ऐकत नव्हते. तो धोकादायक वाटला नाही, पण आपण तिथे काय करतो आहोत हे त्यालाही ठाऊक नसावे.'

सरांनी खाली विचारलं होतं, 'भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तुझं मत काय?'

मी लिहिलं, 'निरीक्षण अचूक आहे, सर.'